हवेच्या दाबाच्या इशाऱ्यासाठी 70,000 रुपये मोजावेत का?

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात कापूस आणि तूर पिकवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, टायरमधील हवा कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, त्यांनी पसंत केलेल्या छोट्या कारच्या फक्त वरच्या मॉडेलमध्ये असून त्यासाठी 70,000 रुपये जास्त पडतात. वडिलांना उपचारांसाठी दर महिन्याला नागपूरला न्यावे लागते, तर हा खर्च करावा का?

आपली काळजी रास्त आहे. शेतातून गाडी काढताना तुरीचे धसकट किंवा बाभळीचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये रुतून तसाच अडकतो आणि हवा दोन-तीन दिवस इतकी हळूहळू निघते की नुसत्या नजरेला काहीच कळत नाही. असा टायर मे महिन्याच्या 45 अंशांच्या उन्हात वेगाने धावला, तर त्याच्या बाजू सतत दबून तापतात आणि तो फुटू शकतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच घातक आहे. युरोपीय संघाने नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

तरीही केवळ या एका सोयीसाठी वरचे मॉडेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही रक्कम 9.5 टक्के व्याजाने 5 वर्षांच्या कर्जात गेली, तर हप्ता सुमारे 1,470 रुपयांनी वाढेल आणि एकूण 88,000 रुपयांच्या आसपास फेडावे लागतील. आपल्या हाती पैसा कापूस आणि तूर विकल्यावर येतो. हप्ता मात्र पेरणीच्या ओढाताणीतही चुकत नाही.

शिवाय काही गाड्यांतील यंत्रणा प्रत्यक्ष दाब मोजतच नाही. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरवरून कोणते चाक वेगळ्या गतीने फिरते, एवढेच ती ताडते. चारही टायरांतील हवा महिनाभरात सारखीच उतरली, तर ती गप्प राहू शकते. आपल्या मॉडेलमध्ये कोणता प्रकार आहे, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

वॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा छोटा डिस्प्ले असा संच साधारण 3,000 ते 4,000 रुपयांत मिळतो. तो घ्यावा आणि सोबत हातात धरायचा एक चांगला प्रेशर गेजही घ्यावा. दाब सकाळी, गाडी काढण्यापूर्वी पाहावा आणि चालकाच्या दाराजवळील स्टिकरवरच्या आकड्याशी ताडावा. तीस-चाळीस किलोमीटर चालवून पंपावर पोहोचल्यावर तोच दाब तीन-चार पीएसआय जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा खाली जातो.

माझे मत एकाच स्थितीत बदलेल. खालच्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग किंवा गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा नसेल आणि वरच्या मॉडेलमध्ये असेल, तर वरचेच मॉडेल घ्यावे; मात्र फरकाची रक्कम कर्जात न घालता तूर विकल्यावर रोख भरावी, त्यासाठी गाडीची खरेदी दोन-तीन महिने लांबली तरी चालेल.