आलेखात आपण तळाशी, म्हणून बाग काढायची का?

प्रश्न : काका, नमस्कार. अथणी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, सगळा माल बेदाण्याला जातो. मुलगा धारवाडला कृषीचं शिकतो. सुट्टीत त्यानं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आकडे काढून चीन, इटली, फ्रान्स, तुर्कस्तान, पेरू आणि भारत यांच्या द्राक्ष उत्पादनाचा आलेख केला. चीनची रेघ आभाळाला गेलीय आणि पेरू सोडला तर आपली तळाशी पडलीय. ते बघून घरात म्हणायला लागलेत, जगात आपली गणतीच नाही तर बाग काढून ऊस लावू. आलेख चुकलाय का? — एक वाचक भगिनी

उत्तर : अक्का, आलेख चुकलेला नाही. पोरानं मेहनत घेतलीय, त्याला रागावू नका. पण ‘द्राक्ष’ या एका नावाखाली प्रत्येक देशाची वेगळी गोष्ट दडलेली असते, ती त्या रेघेत दिसत नाही.

मी कागवाडचा. वडिलांच्या बेदाणा शेडवर, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या मांडवात, वजनाची वही माझ्याकडे असायची. डाव्या पानावर ओला माल, उजव्या पानावर रॅकवरून उतरलेला सुका. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, तेव्हा या दोन पानांची बेरीज वडील कधी करू द्यायचे नाहीत. तुमच्या मुलाच्या आलेखात तशीच गल्लत झालीय. इटली आणि फ्रान्समधली बहुतेक द्राक्षं वाईनसाठी पिकतात. १९८० च्या सुमारास इटलीत सव्वा कोटी टनांच्या पुढे द्राक्ष निघत होतं, आता ८० लाखांच्या आसपास. तिथले लोक वाईन कमी प्यायला लागले, वाईन पडून राहायला लागली, तेव्हा युरोपात अनुदान देऊन वेली काढायला लावल्या. त्या घसरणीचा आपल्या बेदाण्याशी काडीचा संबंध नाही. आपला माल खायला जातो, नाहीतर शेडवर.

आता आपली रेघ. १९९१-९२ साली देशात साधारण ३२ हजार हेक्टर द्राक्ष होतं आणि पावणेसात लाख टनांच्या आत माल. आज ३० लाख टनांच्या वर आहे. म्हणजे चौपटीहून जास्त. चीन एक कोटी टनांच्या वर असल्यामुळे त्याच्या शेजारी ही चौपट झोपलेली दिसते. मुलाला सांगा, प्रत्येक देशाचं १९९१ चं उत्पादन १०० धर आणि मग रेघा काढ. भारत तळाशी राहणार नाही. तुर्कस्तान मात्र जवळपास आडवा दिसेल, कारण तो देश कितीतरी वर्षं ३५ ते ४० लाख टनांच्या आसपासच आहे. आणि तरीही बेदाण्याच्या बाजारात त्याचं वजन केवढं आहे! मनीसा-इझमीर भागात थोडं ढग आलं तरी जगभरचे व्यापारी कान टवकारतात.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती त्या आलेखात नाहीच. त्या ९१-९२ च्या आकड्यांचा भागाकार करा, हेक्टरी वीस टन येतात. आज केला तरी वीस-बावीसच येतात. जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे हे, आपल्या माणसांच्या हातात कसब आहे. पण वाढ झाली ती नवीन बागा लावून. उत्पादन वाढलं म्हणून फुशारकी मारताना यातलं पाणी कुठून आलं, हे आपण विचारलं पाहिजे. अथणीच्या पूर्वेला किती बोअर आटल्या, तुम्हाला मी काय सांगू.

सुरुवातीचं वर्षही जपून धरायला हवं. २००८-०९ मध्ये देशात पावणेएकोणीस लाख टन द्राक्ष निघालं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ च्या अवकाळी पावसानं फुलोऱ्यातल्या बागा झोपवल्या आणि नऊ लाख टनसुद्धा भरले नाहीत. कुणी तिथून रेघ सुरू केली तर भारताची प्रगती डोळे दिपवेल. म्हणून तीन-तीन वर्षांची सरासरी काढावी.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट पटकन कळेल. माल पिकतो अथणीत, शीतगृहात जातो तासगावला, सौदा निघतो तिथं नाहीतर सांगलीत. पीक कर्नाटकाचं, आवक महाराष्ट्राची. नेदरलँड्सचं तेच आहे. द्राक्ष निर्यातीच्या यादीत तो देश बराच वर दिसतो, पण त्यातला बहुतेक माल पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका, आपलं नाशिक इथून त्यांच्या रॉटरडॅम बंदरात उतरून पुढे गेलेला असतो. उत्पादन आणि निर्यात एका कागदावर घेऊ नका.

पेरू देशाकडे मात्र मुलानं नीट बघावं. २००० साली तिथं लाखभर टन द्राक्ष होतं, आज सात लाखांच्या पुढे आहे; इका आणि पिउराच्या वाळवंटी पट्ट्यात ठिबकवर, मुख्यतः परदेशी पाठवायला पिकवलेलं. ते ताज्या द्राक्षाचे स्पर्धक, आपल्या शेडचे नव्हेत. शेडवाल्यानं कॅलिफोर्निया बघावा. तिथं २००० नंतर बेदाण्याच्या वाणांचं क्षेत्र निम्म्याहून खाली आलं, पुष्कळांनी वेली उपटून बदाम लावले.

म्हणून या आलेखावरून बाग काढू नका. आणि उसाला पाणी द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त लागतं, ते आणणार कुठून? बाग काढायचीच असेल तर वेलींचं वय, बोअरचं पाणी आणि औषध-मजुरीचा खर्च बघून काढा. एप्रिलच्या खरड छाटणीआधी, म्हणजे माल निघाल्यावर वेली छाटतात त्याआधी, घरातल्या जुन्या वह्या काढा. मुलाला आलेख तुमच्या तीन एकरांचा करू द्या, गेल्या दहा वर्षांचा : एकरी ओला माल किती, त्याचा बेदाणा किती, सौद्यात दर काय लागला. तो कागद मला पाठवा, मग आपण बोलू.