'तुमच्यात कसं असतं?'

एका शिक्षिकेने विचारलंय, 'वर्गात धर्माचा विषय निघाला की मुलं एक तर गप्प होतात, नाहीतर हमरीतुमरीवर येतात. म्हणून मी तो विषयच टाळते. चुकतंय का माझं?' हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. उत्तर म्हणून सोलापुरातल्या एका शाळेतला अनुभव सांगते. मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

नववीतला मुलगा, विजापूर वेशीकडचा. दर गुरुवारी तिसऱ्या तासाला त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून तो समुपदेशनासाठी माझ्याकडे आला. पहिल्या भेटीत त्याने नुसतं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. दुसऱ्या भेटीत वेळापत्रक काढायला सांगितलं, तर गुरुवारच्या तिसऱ्या तासाची चौकट त्याने रिकामीच ठेवली. तो इतिहासाचा तास होता.

झालं होतं इतकंच. बाईंनी अगदी मायेने विचारलं होतं, "तुमच्यात रोजा कसा असतो रे, सांग बरं सगळ्यांना." सहरीची, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाची, वेळ सांगताना तो अडखळला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यालाच माहीत नाही बे!" वर्ग हसला.

"मला माहीत आहे ओ मॅडम," तो मला म्हणाला, "पण 'तुमच्यात' म्हटलं की सगळंच बरोबर यायला पाहिजे ना."

चौदा वर्षांच्या पोराच्या हातात आपण अख्ख्या समाजाचं वकीलपत्र देतो आणि वर म्हणतो, मुलं बोलत नाहीत! त्याच वर्गातल्या एका लिंगायत मुलीला कुणीतरी इष्टलिंगाचा, म्हणजे गळ्यात बांधतात त्या छोट्या शिवलिंगाचा, अर्थ विचारला होता. तेव्हापासून ती गळ्यातला दोरा कॉलरच्या आत ढकलून बसायची.

बाई वाईट नव्हत्या, उलट धडपड्या. त्यांनी गटप्रकल्पही करून पाहिला होता: एकेका गटाला एकेक धर्म, एकेक तक्ता. मुलांनी सायबर कॅफेतून प्रिंट आणून चिकटवले, गुण मिळाले, तक्ते कपाटावर गेले. माझं स्पष्ट मत आहे, अशा तक्त्यांनी मुलांच्या तोंडचं कुलूप निघत नाही. 'धर्म' हा विषय फार मोठा. त्यातून एक छोटा, हाताला लागणारा प्रश्न काढावा लागतो.

आम्ही प्रश्न काढला तो असा: गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा, दरवर्षी जानेवारीतच येते, मग ईद का सरकते?

पाच-पाच जणांचे गट केले. पहिल्यांदा मुलांना आपापले गट निवडू दिले, ही माझी चूक. एका पेठेतली पोरं एका गटात जमली. मग चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाकडे उत्तराचा एकच तुकडा, बाकीचे चार इतरांकडे. त्यामुळे एकमेकांना विचारल्याशिवाय प्रकल्प पुराच होत नाही. ही पद्धत एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वापरली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा तिथे नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती. आमचा नियम एकच होता: 'तुमच्यात' म्हणायचं नाही, 'तुझ्या घरी' म्हणायचं. आणि नको वाटलं तर 'पुढचा प्रश्न' म्हणायची मुभा.

पोटदुखीवाल्या त्या मुलाच्या चिठ्ठीत संक्रांत निघाली. तो गटातल्या मित्राच्या घरी गेला. तिथल्या आजोबांनी त्याला सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागणारं कुंभारकन्येचं लग्न असं सगळं सांगितलं. निघताना शेंगाची चटणीही बांधून दिली. त्या लिंगायत मुलीकडे रमजान आला.

सादरीकरणाच्या दिवशी त्याने फळ्यावर सूर्य काढला. संक्रांत सूर्याच्या हिशेबाने, म्हणून तारीख जवळपास तीच. मग ती मुलगी उठली: चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. दिवाळीही चंद्रावरच, पण अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून ती ऋतूत ठेवली जाते. एवढं सांगून तिची गाडी अडली, "फिरून तिथेच यायला किती वर्षं?" तेव्हा तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तेहतीसच्या आसपास. माझ्या दादीच्या लग्नाच्या वर्षी रोजे मे महिन्यात होते. ती सांगते, माठाकडे बघत बसायची." त्याला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि या वेळी हसलंही कुणी नाही.

एक वडील मात्र तणतणत आले: "शाळेत धर्म कशाला?" चिंता रास्त होती. राज्यघटनेचं कलम 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई करतं. पण धर्मांविषयी माहिती देणं निराळं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केलंय. आम्ही पूजा, नमाज काहीच करवून घेत नव्हतो. कुणाच्या घरी जायचं तर आधी पालकांची परवानगी घेत होतो. हे सांगितल्यावर ते शांत झाले. पटलं असं म्हणणार नाही.

सगळं जमलं असंही नाही. एक मुलगी शेवटपर्यंत 'पुढचा प्रश्न' म्हणत राहिली. तिला तसंच राहू दिलं.

पोटदुखी थांबली. गेल्या आठवड्यात बाईंच्या तोंडून सवयीने 'तुमच्यात' निसटलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "कुणाच्यात, बाई?"