धार जोरात, तरी मशीन तापतंय : आऊटबोर्डबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवबाग, मालवण) : काका नमस्कार. आमची पर्यटकांना संगमावर न्यायची बोट आहे, ४० एचपीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं मशीन). पावसाळ्यानंतर मशीन काढलं, स्लोवर तासभर चालवा काही होत नाही, पाण्याची धार एकदम मस्त, पण फुल रेस दिली की पाच-सात मिनिटांत बझर वाजतो आणि मशीन आपोआप दबतं. एका मेकॅनिकने दोनदा इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, दोन्ही वेळा पैसे गेले, फरक शून्य. आता म्हणतो हेडच (सिलिंडरच्या तोंडावरचा भाग) बदला. सीझन सुरू झालाय, काय करू?

उत्तर : हेड बदलू नका, एवढ्यात तरी नकोच. तुमच्या पत्रात अर्धं उत्तर आहे, स्लोवर ठीक आणि रेसवर तापतंय. इंपेलर झिजला की बहुतेक वेळा आधी स्लोवरच रडारड सुरू होते, कारण कमी आरपीएमला मऊ पडलेली पाती पाणी वर ढकलू शकत नाहीत. तुमचं उलट आहे, म्हणजे पाणी येतंय पण रेसला जेवढं लागतं तेवढं पुरत नाहीये, किंवा त्या पाण्यात दुसरंच काहीतरी घुसतंय.

आणि त्या धारेवर एवढा भरवसा ठेवू नका. खालच्या जाळीतून पाणी आत येतं, पंप ते नळीतून वर चढवतो, ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेडभोवती फिरून थर्मोस्टॅटमधून (ताप वाढला की उघडणारी झडप) ते परत लेगमध्ये (मशीनचा खालचा, पाण्यात बुडणारा पाय) उतरतं आणि तिथे धुराला थंड करत बाहेर पडतं. बऱ्याच मशीनमध्ये बाहेरची धार मधूनच फुटलेली असते. म्हणजे धार दिसली तर पंप चालू आहे एवढंच कळलं, पाणी हेडपर्यंत पोचलं की नाही हे त्यावरून कळत नाही.

आता क्रमाने बघा, स्वस्तातलं आधी. ओहोटीला संगमावर तुमच्या पंख्याखाली किती पाणी असतं हे तुम्हालाच माहीत, लेग रेती ओढते आणि त्यात प्लॅस्टिकची पिशवी जाळीला चिकटली तर स्लोवर कळतही नाही. जाळी बाहेरून स्वच्छ दिसली तरी तारेने आतपर्यंत खरवडा. मग मशीनची उंची बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी. ट्रान्समवर (बोटीची मागची फळी, जिला मशीन टांगतात) लाकडी ठोकळा घालून मशीन वर उचललं असेल तर रेसवर जाळीत पाण्याऐवजी फेस जातो.

थर्मोस्टॅट काढा. दोन बोल्ट असतात, पण मिठाने धरलेले असतील तर हिसका देऊ नका, आधी गंजतेल मारून रात्रभर ठेवा, बोल्ट आत तुटला तर कामाचे चार दिवस गेले. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात सोडा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस बारीक ठेवा. बऱ्याच आऊटबोर्डमध्ये तो ५० ते ६० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. पाणी उकळलं तरी तोंड बंद, किंवा केसाएवढी फट पडून थांबला, तर नवीन घाला. काढून टाकून तसंच चालवू नका, मशीन गारठलं की प्लगवर काजळी धरते आणि पेट्रोल जास्त खातं. बऱ्याच मशीनमध्ये थर्मोस्टॅटच्या जवळ रेस वाढल्यावर पाण्याच्या दाबाने उघडणारा स्प्रिंगचा व्हॉल्व असतो, तोसुद्धा मिठाने चिकटतो. रेसचं जादा पाणी तिथूनच जातं आणि तुमचं लक्षण त्याच्याशी बरोबर जुळतं, त्यामुळे तो हाताने दाबून मोकळा आहे का बघाच.

दोनदा इंपेलर बदलला म्हणताय तर मेकॅनिकला एक विचारा, जुन्या इंपेलरची सगळी पाती मिळाली होती का? एखादं तुटलेलं पातं नळीतून वर जाऊन ब्लॉकच्या वळणावर अडकतं आणि मग नवीन इंपेलर कितीही घाला, रस्ता बंदच. पाती मोजायची, तुकडे जुळवायचे आणि एक जरी कमी पडला तरी तो शोधल्याशिवाय लेग चढवायची नाही.

आता मला खरा संशय कशाचा आहे ते सांगतो. धूर आणि पाणी दोन्ही एकाच लेगमधून जातात, मध्ये फक्त गॅस्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) आणि रबरी सील. पंपाच्या घराचं सील किंवा नळीच्या टोकाचं रबर नीट बसलं नसेल, आणि दोनदा उघडझाप केल्यावर हे अगदी होऊ शकतं, तर रेसवर धुराचा दाब वाढतो आणि तो धूर पंपात शिरतो. पंप मग पाणी कमी आणि गॅस जास्त ओढतो. रेसवर असताना धारेकडे नीट बघा, ती तुटक येतेय का, दुधासारखी पांढरी, बुडबुड्यांची? तसं असेल तर लेग उतरवून गॅस्केटच्या कडेला बोट फिरवा. जिथून धूर फुटतो तिथे काजळीची काळी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि पंपाचं प्लॅस्टिकचं घर त्या बाजूला पिवळट किंवा वितळलेलं असतं.

बुडबुडे आहेत पण लेगमध्ये काजळी नाही, तरच हेड गॅस्केटकडे वळा. प्लग काढा, बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा चकचकीत असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, एका सिलिंडरपासून दुसऱ्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तोवर बझर वाजला की रेस कमी करून किनारा गाठा, पर्यटक बसलेत म्हणून ओढत नेऊ नका, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला की लाखभराच्या गोष्टी सुरू होतात.

प्रश्न (रेवदंडा) : मशीनचं वरचं झाकण लावलं की रेसवर मशीन घुसमटून बंद पडतं, झाकण काढून चालवलं की घोड्यासारखं पळतं. तसंच चालवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि कृपा करून हे आजच बंद करा. तुमचं मशीन स्वतःचाच धूर श्वासात घेतंय. एक्झॉस्ट कव्हरचं गॅस्केट फुटलंय, धूर झाकणाखाली साठतो, कार्बोरेटर तोच ओढतो आणि हवा न मिळाल्याने मशीन गुदमरतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावा, काळं येईल. झाकणाच्या हवेच्या खिडकीत पक्ष्याने काड्या भरल्यात का तेही बघा, क्वचित एवढंच असतं. कव्हर काढताना बोल्टला थोडी उष्णता द्या, मग फिरवा, आणि नुसतं सिलिकॉन फासून गॅस्केट वाचवू नका, तिथल्या तापाला ते टिकत नाही.

यापेक्षा मोठी काळजी माणसांची आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. वाऱ्यापासून आडोसा म्हणून बोटीला ताडपत्री लावतात ना, चालत्या बोटीत तो आडोसा मागचा धूर आत ओढतो. डोकं दुखणं, मळमळणं याला लोक बोट लागली म्हणतात. मशीन चालू असताना मागच्या शिडीवर पोरांना पाय सोडून बसू देऊ नका, बोट उभी असली तरी नको, स्लोवर धूर पाण्याच्या वरच्या भोकातून थेट तोंडासमोर येतो.

प्रश्न (दाभोळ) : नवीन मशीन घेतलंय. खाडीतून आल्यावर रोज धुवायला लागतं का? आणि मोटरसायकलचं टू-टी ऑइल चालेल?

उत्तर : ऑइल नाही चालणार. बाईकचं इंजिन हवेवर थंड होतं, आऊटबोर्ड पाण्यावर, त्याला टीसी-डब्ल्यू ३ (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डच्या ऑइलची खूण) लिहिलेलंच लागतं, नाहीतर राख एक्झॉस्टच्या तोंडात साठते. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पुस्तकात ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, "थोडं जास्त बरं" म्हणून वाढवू नका.

धुणं रोजच. मोठ्या ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरा, पंपाच्या वरपर्यंत लेग बुडाली पाहिजे, न्यूट्रलमध्ये स्लोवर दहा मिनिटं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून गोडं पाणी सगळीकडे फिरतं. कोरडं एकदाही चालवू नका, पाण्याशिवाय इंपेलरची पाती काही सेकंदांत जळतात. नंतर मशीन उभं ठेवा, पाणी निथळू द्या. पावसाळ्यात ठेवायचं असेल तर धारेच्या भोकात कापडाचा बोळा घाला, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते आणि सीझनच्या पहिल्या दिवशी धार येत नाही म्हणून धावपळ होते. बोळा काढायला मात्र विसरू नका, त्याला लाल दोरी बांधून ठेवा.