विंडोज प्रोग्रामिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सी शार्प आणि विंडोज फॉर्म्स वापरून मी एक प्रोग्राम लिहिला आहे. ‘आयात करा’ हे बटण दाबले की तो मोठी सीएसव्ही फाइल वाचून तिच्यातील नोंदी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये भरतो. काम पूर्ण होते, पण तोवर खिडकी पांढरी पडते आणि शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पाँडिंग’ असे दिसते. लूपमध्ये ‘डूइव्हेंट्स’ टाकल्यावर खिडकी गोठणे थांबले. मात्र आता काही नोंदी दोनदा भरल्या जातात. वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणारा कामाचा धागा, केला, तर ‘क्रॉस-थ्रेड’ची चूक येते.

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. विंडोजमधील प्रत्येक खिडकी ती ज्या थ्रेडने तयार केली त्याच्या मालकीची असते; दुसऱ्या थ्रेडने तिला हात लावला, की ‘क्रॉस-थ्रेड’ची चूक येते. माउसची क्लिक, कळ दाबणे, खिडकी पुन्हा रंगवणे या सर्वांचे संदेश त्या थ्रेडच्या रांगेत येऊन पडतात आणि मेसेज लूप ते एकेक उचलून हाताळतो. आपले बटणाचे काम हेही अशाच एका संदेशाचे हाताळणे आहे. ते संपेपर्यंत रांगेतील पुढचा संदेश उचलायला कोणी मोकळे नसते. खिडकीने सुमारे ५ सेकंद संदेश उचलले नाहीत, की विंडोज ती बंद पडली असे समजते आणि तिच्या जागी तशीच दिसणारी एक तात्पुरती खिडकी उभी करते. आपल्याला दिसणारी फिकट, पांढरी खिडकी ती हीच.

‘डूइव्हेंट्स’ने काय केले, ते आता लक्षात येईल. लूप मध्येच थांबवून त्याने रांगेतील सगळे संदेश हाताळले आणि त्यांत वापरकर्त्याने कंटाळून पुन्हा दाबलेल्या बटणाची क्लिकही होती. त्यामुळे पहिली आयात अर्धवट असतानाच तिच्या पोटात दुसरी आयात सुरू झाली आणि नोंदी दोनदा भरल्या गेल्या. बटण आधी निष्क्रिय केले असते तर हे टळले असते. तरी आयात चालू असताना वापरकर्त्याने खिडकीच बंद केली तर काय, हा प्रश्न उरतोच. नव्या कोडमध्ये ‘डूइव्हेंट्स’ वापरण्याचे समर्थनीय कारण माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

योग्य मार्ग असा : बटणाची पद्धत (मेथड) ‘असिंक’, म्हणजे थ्रेड न अडवता वाट पाहू शकणारी, करावी, आयातीचे काम ‘टास्क डॉट रन’मध्ये, म्हणजे पार्श्वभूमीच्या थ्रेडवर, द्यावे आणि त्याची ‘अवेट’ने वाट पाहावी. ‘अवेट’नंतरच्या ओळी यूआय थ्रेडवरच, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या मूळ थ्रेडवरच, चालतात, त्यामुळे तिथे लेबल किंवा जाळी (ग्रिड) बदलण्यास हरकत नाही. येथे एक खाचखळगा सांगायला हवा. एसक्यूलाइटमध्ये असिंक्रोनस वाचन-लेखनाची सोयच नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीतील ‘असिंक’ नावाच्या पद्धती प्रत्यक्षात सिंक्रोनसच, म्हणजे काम संपेपर्यंत अडवून ठेवूनच, चालतात. म्हणून केवळ त्यांच्यापुढे ‘अवेट’ लिहून आपली खिडकी मोकळी होणार नाही. ‘टास्क डॉट रन’ लागेलच. शिवाय सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकदमच पक्क्या होणाऱ्या व्यवहारात, भरून पाहा. प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र ट्रान्झॅक्शन होत असेल, तर आयातीचा बहुतेक वेळ डिस्कवर लिहिणे पूर्ण होण्याची वाट पाहण्यातच जात असण्याची दाट शक्यता आहे.

प्रगती दाखवण्यासाठी ‘प्रोग्रेस’ हा वर्ग यूआय थ्रेडवर तयार करून कामाच्या पद्धतीकडे द्यावा. तो कळवलेली संख्या आपोआप यूआय थ्रेडवर आणतो. मात्र प्रत्येक नोंदीगणिक कळवू नये. तसे केल्यास लेबल रंगवण्याच्या कामातच यूआय थ्रेड बुडून जातो आणि खिडकी पूर्वीसारखीच अडखळते. सेकंदाला पाच-दहा वेळा कळवले तरी डोळ्यांना पुरेसे असते.

दोन गोष्टी टाळाव्यात. ‘चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स’ असत्य करून क्रॉस-थ्रेडची चूक गप्प करण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल; त्याने तपासणी बंद होते, दोष तसाच राहतो आणि पुढे कधीतरी, बहुधा दुसऱ्याच्याच संगणकावर, समजण्यापलीकडच्या रूपात उगवतो. तसेच यूआय थ्रेडवर टास्कच्या ‘रिझल्ट’ची किंवा ‘वेट’ची वाट पाहू नये. टास्कच्या आतील ‘अवेट’ला पुढे जाण्यासाठी यूआय थ्रेड हवा असतो, यूआय थ्रेड मात्र टास्क संपण्याची वाट पाहत अडलेला असतो आणि दोघेही कायमचे अडकतात.

प्रश्न : आमचा प्रोग्राम दिवसभर चालू असतो. सकाळी व्यवस्थित असतो. दुपारनंतर बटणांवरील चित्रे नाहीशी होतात आणि शेवटी ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ असे म्हणून तो बंद पडतो. मेमरी भरपूर मोकळी असते. पडदा बदलताना आम्ही पॅनेलचे ‘कंट्रोल्स डॉट क्लिअर’ करून नवे कंट्रोल (बटणे, चौकटी वगैरे) घालतो.

उत्तर : संपली आहेत ती हँडल (विंडोज आपल्या प्रत्येक वस्तूला देते ते ओळखक्रमांक), मेमरीचा येथे दोष नाही. प्रत्येक प्रक्रियेला यूजर वस्तू, म्हणजे खिडक्या, मेन्यू यांसारख्या गोष्टी, आणि जीडीआय वस्तू, म्हणजे फाँट, ब्रश, बिटमॅप यांसारख्या गोष्टी, या दोन्हींसाठी मुळात प्रत्येकी १०,००० ची मर्यादा असते. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ पानावर स्तंभांच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हे स्तंभ निवडा आणि पडदा वीस वेळा बदलून पाहा. आकडा प्रत्येक वेळी ठरावीक पावलांनी चढत गेला आणि परत उतरला नाही, तर गळती तिथेच आहे.

आपल्या बाबतीत संशयित उघड आहे. ‘क्लिअर’ कंट्रोलना पॅनेलमधून केवळ बाहेर काढते, नष्ट करत नाही. बाहेर काढलेल्या कंट्रोलच्या खिडक्या विंडोज फॉर्म्स एका अदृश्य खिडकीखाली ठेवून देते आणि त्या तिथे साचत राहतात. म्हणून प्रत्येक कंट्रोलवर ‘डिस्पोज’ बोलावले पाहिजे. ते करताना ‘फॉरईच’ वापरू नका : ‘डिस्पोज’ झालेला कंट्रोल स्वतःच यादीतून गळतो, यादी पायाखालून सरकते आणि एकाआड एक कंट्रोल सुटून जातात. मग गळती निम्मी होते, पूर्ण थांबत नाही, आणि ‘डिस्पोज करूनही फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे येणारा साधा ‘फॉर’ लूप लिहावा, किंवा यादी रिकामी होईपर्यंत तिच्यातील पहिला कंट्रोल डिस्पोज करत राहावे.

जीडीआय वस्तू वाढत असतील, तर ‘गेटएचबिटमॅप’, ‘टूएचफाँट’ आणि ‘गेटएचआयकॉन’ यांचा वापर शोधा. पहिल्या दोहोंनी दिलेले हँडल ‘डिलीटऑब्जेक्ट’ने आणि तिसऱ्याचे ‘डिस्ट्रॉयआयकॉन’ने आपणच परत करायचे असते; नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला त्यांची खबरही नसते. ‘क्रिएटग्राफिक्स’ने मिळवलेली वस्तूही ‘यूजिंग’मध्येच ठेवावी. रजिस्ट्रीत ही मर्यादा वाढवता येते, पण भोक पडलेल्या हौदाची भिंत उंच करण्यासारखेच ते आहे.

प्रश्न : आमचा जुना ३२ बिटांचा प्रोग्राम आपली सेटिंगची फाइल स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहीत असे आणि कधी अडचण आली नाही. तोच ६४ बिटांसाठी बांधल्यावर फाइल लिहिताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. कोड एका अक्षरानेही बदललेला नाही.

उत्तर : जुना प्रोग्रामही तिथे लिहीत नव्हताच. साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिण्याचा अधिकार नाही. जुने प्रोग्राम त्यामुळे कोलमडू नयेत म्हणून व्हिस्टापासून विंडोज एक युक्ती करते : ज्या ३२ बिटांच्या प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजसाठी त्याच्यासोबत दिलेल्या माहितीपत्रकात) हव्या असलेल्या अधिकारपातळीचा उल्लेख नाही, त्याचे असे लेखन ती गुपचूप वापरकर्त्याच्या ‘लोकल ॲपडेटा’खालील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात वळवते. ६४ बिटांच्या प्रक्रियांना ही सवलत नाही. आपल्या ग्राहकांच्या जुन्या सेटिंग त्या फोल्डरात सापडतील; नव्या आवृत्तीने पहिल्यांदा सुरू होताना त्या तिथून उचलून घ्याव्यात.

यापुढे प्रत्येक वापरकर्त्याची सेटिंग ‘लोकल ॲपडेटा’ किंवा ‘रोमिंग ॲपडेटा’खाली ठेवावी. सर्वांना सामाईक अशी माहिती ‘प्रोग्रामडेटा’मध्ये ठेवता येते, परंतु तिथे एका वापरकर्त्याने केलेली फाइल इतरांना मुळात वाचता येते, बदलता येत नाही, त्यामुळे आपल्या उपफोल्डराचे अधिकार इन्स्टॉलरनेच ठरवून द्यावेत. प्रोग्राम नेहमी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे हा उपाय मी सुचवणार नाही. सुरक्षिततेचा मुद्दा तर आहेच, शिवाय तसे केल्यास एक्स्प्लोररमधून फाइल ओढून आणून टाकता येत नाही आणि वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह बहुधा दिसत नाहीत; मग त्या तक्रारींची उत्तरे देण्यात वेळ जातो.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर आमच्या प्रोग्रामची अक्षरे धूसर दिसतात. फाँट बदलूनही उपयोग झाला नाही.

उत्तर : फाँटचा संबंध नाही. आपण डीपीआयची (पडद्यावर एका इंचात किती ठिपके, याची) जाणीव असल्याचे जाहीर केलेले नाही, म्हणून विंडोज आपला पडदा ९६ डीपीआयने रंगवून घेते आणि १५० टक्के प्रमाण असेल तर ते चित्र तेवढे ताणते. मॅनिफेस्टमध्ये ‘पर मॉनिटर व्ही टू’ जाहीर करावे (विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ते चालते). नव्या डॉटनेटमध्ये ‘सेटहायडीपीआयमोड’नेही हेच साधते. अक्षरे लगेच स्वच्छ होतील, पण पिक्सेलमध्ये मोजून ठेवलेली बटणे एकमेकांवर चढण्याचा संभव आहे. ती मांडणी ‘टेबललेआउटपॅनेल’मध्ये नव्याने करण्यास वेळ राखून ठेवा.

प्रश्न : सी प्लस प्लसमधील प्रोग्रामात देवनागरी मजकूर साठवला की कधी नुसती प्रश्नचिन्हे, कधी चौकोन, तर कधी भलतीच रोमन अक्षरे दिसतात. तिन्हींचे कारण एकच का?

उत्तर : नाही, आणि कोणते चिन्ह दिसते यावरूनच निदान होते. चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, केवळ फाँटमध्ये ती अक्षरे नाहीत. टिंबे-मात्रा लावलेली रोमन अक्षरे, प्रत्येक देवनागरी चिन्हामागे साधारण तीन-तीन, दिसत असतील तर यूटीएफ-८ (सर्व लिप्यांचा मजकूर साठवण्याची एक रीत) मधील बाइट एखाद्या पाश्चात्त्य कोड पेजने (मोजक्या अक्षरांच्या जुन्या तक्त्याने) वाचले गेले आहेत. बाइट बदललेले नसल्यास योग्य एन्कोडिंगने वाचल्यावर मजकूर परत मिळतो. प्रश्नचिन्हे मात्र वाईट. मजकूर यूटीएफ-१६ मधून एएनएसआय कोड पेजमध्ये उतरवताना ज्या अक्षरांना तिथे जागा नव्हती त्यांच्या बदल्यात ती भरली गेली आहेत आणि मूळ अक्षरे कायमची गेली आहेत. देवनागरीसाठी विंडोजने एएनएसआय कोड पेज कधी दिलेच नाही, म्हणून ‘ए’ने संपणारी एपीआय फंक्शने येथे दगा देतात.

‘डब्ल्यू’ने संपणारी फंक्शने वापरावीत आणि फाइलमध्ये लिहिताना यूटीएफ-८ निवडावे. जुना कोड मोठा असेल तर विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये ‘ॲक्टिव्हकोडपेज’ यूटीएफ-८ असे जाहीर करता येते. मग ‘ए’ची फंक्शनेही देवनागरी सांभाळतात. मात्र त्यानंतर बफरची लांबी अक्षरांत मोजलेली प्रत्येक जागा तपासावी लागेल, कारण ‘कि’ हे दिसायला एक असलेले अक्षर यूटीएफ-८ मध्ये सहा बाइट घेते.