विमानतळावरचं स्वस्त अपग्रेड आणि आईचा गुडघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६९ वर्षांची आहे, सात महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिला घेऊन तुम्ही भावाकडे निघाला आहात. जाताना ११ तासांची रात्रीची फ्लाइट आहे, येताना १० तासांची दिवसाची. तुमच्या सहकाऱ्याला गेल्या वर्षी चेक-इन काउंटरवर अगदी थोड्या पैशांत बिझनेस क्लास मिळाला. म्हणून आत्ता इकॉनॉमीची तिकिटं काढावीत, विमानतळावर अपग्रेड मागावं आणि पैसे कमी पडले तर अडीअडचणीसाठी ठेवलेल्या निधीतून घ्यावेत, असं तुमच्या मनात आहे. की आत्ताच प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग, घेऊन मोकळं व्हावं?

माझं मत आधी सांगते. जाताना दोघींसाठी प्रीमियम इकॉनॉमी आत्ताच घ्या. येताना इकॉनॉमी घ्या आणि अपग्रेडचा प्रयत्न तेव्हा करा. निधीला हात लावू नका.

तुम्ही पाठवलेले आकडे सोपे करून घेऊ. एका व्यक्तीच्या एका बाजूच्या इकॉनॉमी भाड्याला १०० धरलं तर प्रीमियम इकॉनॉमी १६५ ला पडते आणि बिझनेस ३९० ला. दोघींचं जाऊन-येऊन इकॉनॉमी ४०० होतं आणि प्रवासभाड्यासाठी तुम्ही ६०० बाजूला काढले आहेत. म्हणजे आरामावर खर्च करायला हातात २०० आहेत. जातानाची प्रीमियम इकॉनॉमी त्यातले १३० घेते. उरतात ७०.

आता सहकाऱ्याच्या अनुभवाकडे येऊ. तो खरा असणार, त्यात शंका नाही. विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य होते, म्हणून कंपन्या शेवटच्या तासांत ती कमी पैशांत द्यायला तयार होतात. पण पूर्ण भाडं देणारे प्रवासी त्या स्वस्ताईची वाट बघत बसू नयेत, याचीही काळजी त्यांना घ्यावी लागते. कुठली सीट कधी, कितीला सोडायची याचा हिशोब संगणकावर करायला अमेरिकन एअरलाइन्सने १९८० च्या दशकात सुरुवात केली आणि आज सगळ्याच मोठ्या कंपन्या तसं करतात. काउंटरवरच्या माणसाच्या हातात त्यामुळे फारसं काही नसतं. पडद्यावर जी रक्कम दिसते तीच तो सांगतो. छान कपडे, गोड बोलणं, वाढदिवस असल्याचं सांगणं याने ती रक्कम बदलत नाही. इकॉनॉमी जास्त विकली गेल्यामुळे कुणाला फुकट वर बसवायची वेळ आली, तरी पहिला मान बहुधा कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेतल्या वरच्या दर्जाच्या सभासदांना मिळतो.

आणि काउंटर ही रांगेतली शेवटची जागा आहे. क्रम कंपनीगणिक बदलतो. पण पूर्ण भाड्याने उशिरा बुकिंग करणारे, माइल्स (प्रवास करून साठवलेले पॉइंट) देऊन वर जाणारे, सभासदांची प्रतीक्षायादी, वरच्या वर्गातल्या सीटसाठी ईमेलवरून बोली लावणारे आणि ॲपवरची ऑफर घेणारे यांतले बरेच जण तुमच्या आधी उभे असतात. त्यांच्यातून जे उरेल ते तुमच्यापुढे येतं. सीटच्या नकाशात बिझनेस रिकामा दिसतो म्हणून खूश होऊ नका. कित्येक प्रवाशांनी सीट निवडलेलीच नसते आणि काही सीट कंपनीने अडवून ठेवलेल्या असतात.

तुमची जातानाची फ्लाइट नेमकी या जुगारासाठी सगळ्यांत वाईट आहे. लांबची, रात्रीची. आडवं होऊन झोपता यावं म्हणून लोक ज्या फ्लाइटवर खरोखर पैसे मोजतात ती ही. सुट्टीच्या दिवसांत कामानिमित्त फिरणारे कमी असतात, त्यामुळे बिझनेसमध्ये जागा उरण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण तुम्हाला एक सीट नको आहे, दोन हव्यात. एकच मिळाली तर आईला पुढे एकटीला बसवणार का? तिला उठताना हात द्यायला कुणीतरी लागतं, असं तुम्हीच लिहिलं आहे.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: अपग्रेड ही तुमची हौस आहे की गरज, हे आधी ठरवा. हौस असेल तर काउंटरवर जाऊन विचारणं अगदी योग्य आहे. नाही मिळालं तर काही बिघडत नाही. पण आईच्या पायाला जागा ही गरज आहे आणि ती शेवटच्या तासाच्या उरल्यासुरल्यावर सोडता येत नाही. इकॉनॉमीत दोन सीटमधलं अंतर साधारण ३० ते ३२ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ इंचांच्या आसपास. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर हे सहा ते आठ इंच ११ तासांत फार मोठे ठरतात.

इकॉनॉमीतल्याच जास्त जागेच्या सीटचा विचारही तुम्ही केलेला दिसतो. आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत आईला बसू देणार नाहीत, कारण तिथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दार उघडता आलं पाहिजे. अगदी पहिल्या रांगेत समोर भिंत येते, त्यामुळे पाय पुढच्या सीटखाली लांब करता येत नाहीत. येतानाच्या फ्लाइटसाठी मात्र जास्त लेगरूमची (पायाला जास्त जागा असलेली), आइलची म्हणजे चालायच्या वाटेलगतची सीट आईसाठी घ्या. तुमच्या आकड्यांनुसार त्याला १२ लागतील.

सीट कुठलीही असो, आईला दर एक-दोन तासांनी उठवून चालायला लावा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं. मूळ धोका लहान आहे, पण त्याचं कारण तासन्‌तास न हलता बसणं हे आहे आणि महाग सीटवरही माणूस न हलता बसू शकतो. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना निघण्याआधी एकदा विचाराच. व्हीलचेअरची मदतही निदान ४८ तास आधी मागून ठेवा. या मदतीला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत.

आता येतानाचा प्रवास. आइलच्या सीटनंतर ५८ उरतात, म्हणजे माणशी २९. प्रीमियम इकॉनॉमी तेवढ्यात किंवा त्याखाली मिळाली तर घ्या. ३० म्हणाले तर नाही म्हणा. हा आकडा घरी कागदावर लिहून ठेवा, कारण काउंटरवर ‘एरवी ३९० चं बिझनेस आज फक्त ९०’ असं ऐकलं की ३०० वाचल्यासारखं वाटतं. ते ३०० तुम्ही कधी खर्च करणारच नव्हता. तुमच्या खिशातून जातात ते ९०, दोघींचे १८०. एकदा मी स्वतः असंच एका छोट्या फ्लाइटवर ‘बिझनेस’ घेतलं. आत गेले तर तीच इकॉनॉमीची सीट, फक्त मधली जागा रिकामी. तेव्हापासून पैसे देण्याआधी विमान कुठलं आणि सीट कशी, एवढं विचारल्याशिवाय मी कार्ड काढत नाही.

तिकिटं काढल्यावर बोली लावायचं आमंत्रण आलं तर तेही येतानासाठीच वापरा. किमान बोलीच २९ च्या वर असेल तर सोडून द्या. बोली बहुधा माणशी आणि प्रत्येक उड्डाणासाठी असते, त्यामुळे दिसणाऱ्या आकड्याला दोनने गुणा. एका बुकिंगवर दोघी असाल तर साधारणपणे दोघींना वर नेतात किंवा कुणालाच नाही, तुमच्या बाबतीत हे बरंच आहे. बोली स्वीकारली गेली की पैसे आपोआप कापले जातात. लेगरूमच्या सीटचे १२ मग बऱ्याचदा परत मिळत नाहीत, ते गेले असं धरून चाला. लाउंज, जास्तीचं सामान, पूर्ण माइल्स यांतलं काय मिळेल तेही आधी वाचा. अनेकदा फक्त सीट आणि तिथली सेवा मिळते, बाकी सगळं जुन्या तिकिटाप्रमाणेच राहतं.

परदेशातल्या काउंटरवर कार्ड लावताना यंत्र विचारेल, तिथल्या चलनात की तुमच्या? तिथलंच निवडा. तुमचं चलन निवडलं तर विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. पावती जपून ठेवा. ऐनवेळी विमान बदललं आणि तुम्हाला खाली बसवलं तर परतावा मागायला ती लागेल.

निधीबद्दल एवढंच. तो तुम्ही आईच्या शस्त्रक्रियेत अर्धा वापरला आणि अजून पूर्ण भरलेला नाही. माणशी २९ ची ऑफर आली नाही आणि ते ५८ उरले, तर परत आल्यावर तिथेच टाका.