शौचालय धुण्याआधी टाकी पाहा आणि ताब्याचा कागद शोधा

आपल्या वस्तीतील सामुदायिक शौचालय रोज धुऊनही तासाभरात तुंबते, समितीने सफाई कामगारही बदलून पाहिला आणि आता कोणते ॲसिड आणावे, असे आपण विचारले आहे. मुंबईतील आमच्या टेकडीवरच्या वस्तीतही याच प्रश्नावरून भांडणे होत, म्हणून सविस्तर लिहितो.

कामगाराला दोष देऊ नका आणि ॲसिडही आणू नका. भांड्यात ओतलेले पाणी काठापर्यंत चढून सावकाश उतरत असेल आणि मागच्या चेंबरच्या झाकणाच्या फटीतून काळपट पाणी झिरपत असेल, तर बहुधा सेप्टिक टाकी भरलेली आहे. ती साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावीच लागते. ॲसिडने टाकीतील मैला कुजवणारे जिवाणू मरतात, आणि तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरीवर पडले तर क्लोरीन वायू सुटून बंद जागेत जिवावर बेतू शकते.

आम्हाला सर्वांत जास्त छळले ते टाकी कोणाच्या ताब्यात आहे या प्रश्नाने. शौचालय बांधले एका यंत्रणेने, रोजची देखभाल आमच्या संस्थेकडे, आणि टाकी उपसण्याचा अर्ज द्यायचा तिसऱ्याच कार्यालयात. तिथे दर वेळी हस्तांतराचा कागद मागत. बांधणारी यंत्रणा इमारत केव्हाच सुपूर्द केल्याचे तोंडी सांगे, पण लेखी द्यायला कोणी तयार नसे. या टोलवाटोलवीत पावसाळा लागला, मैला गल्लीत वाहू लागला आणि बायकामुलींना पहाटेच्या अंधारात टेकडीवर जावे लागले. मासिक पासाचे पैसे हीच कुटुंबे वेळेवर भरत होती, हे आठवले की आजही संताप येतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर हस्तांतराच्या नोंदीची प्रत हाती आली, तेव्हा कुठे मैला ओढून घेणारी सक्शन गाडी आली. तेव्हा आपण तो कागद आजच मागून ठेवावा. इतर नगरपालिकांत पद्धत वेगळी असू शकते, पण लेखी पुरावा सगळीकडेच लागेल असे माझे ठाम मत आहे.

गाडीचा पाइप टाकीपर्यंत पोहोचतो का, हे आधी मोजून घ्या. पोहोचत नाही म्हणून कोणी माणूस आत उतरवायला सुचवले तर साफ नकार द्या. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. टाकीवरच्या स्लॅबला तडे असतील तर शौचालय तत्काळ बंद करायला लावा. मानखुर्दला २०१७ मध्ये शौचालयाची जमीन खचून माणसे टाकीत पडून दगावली होती.

टाकी रिकामी झाल्यावरही रांग आणि घाण तशीच राहिली, तर भांडी मोजा. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांत ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक भांडे धरले आहे. स्त्रियांच्या बाजूला प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा ठेवा आणि तो रोज रिकामा करणाऱ्याला वेगळे पैसे द्या. आमच्याकडे पॅड भांड्यात टाकणे त्यानंतर जवळजवळ थांबले.