कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगामागे नेमका कोणता जिवाणू आहे, हे कसे ओळखतात?

रात्रीची मेलेली कोंबडी सकाळी लॅबला पाठवून ओळखता येत नाही. 2018 च्या पावसाळ्यात याच चुकीने माझा पाच हजारांचा लॉट बसला.

पिल्ले तेवीस दिवसांची. रोजची पाच-सहाची मर दोन दिवसांत साठवर गेली. मी ज्या कंपनीसाठी कोंबड्या वाढवत होतो, तिच्या सुपरवायझरने चार मेलेल्या कोंबड्या गोणीत भरून एका खासगी लॅबला दिल्या. रिपोर्ट आला, ई. कोलाय. येणारच! मेल्यावर आतड्यातले जंतू अंगभर पसरतात आणि साध्या प्लेटवर ई. कोलाय रातोरात उगवतो. खरा गुन्हेगार होता क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, आतड्याचे अस्तर सडवणारा जिवाणू. त्याला हवा चालत नाही, तो तिथे दिसणार कसा? मग पाण्यातून कोलिस्टिन हे प्रतिजैविक दिले (2019 पासून भारतात कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे). क्लॉस्ट्रिडियमवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

पाचव्या दिवशी मीच तीन आजारी, पण जिवंत कोंबड्या घेऊन पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर आतडे उभे चिरले. फुग्यासारखे फुगलेले, आतून मखमलीऐवजी टॉवेलसारखे खरखरीत, वर पिवळट-तपकिरी थर, आणि वास असा की मी दाराशी गेलो. अस्तर खरवडून काचपट्टीवर जिवाणू ओळखण्याचा ग्रॅमचा रंग दिला, तर जाड जांभळ्या काड्याच काड्या. मग ब्लड अगरवर (रक्त घातलेल्या जेलीवर), ऑक्सिजन काढलेल्या बरणीत एक रात्र. सकाळी प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळल्याची दोन कडी, ही क्लॉस्ट्रिडियमची खूण. सोबत कॉक्सी (कॉक्सिडिया, आतड्यातला परजीवी) हाही निघाला. तो अस्तर फोडतो, मग क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळे.

सुपरवायझर आजही म्हणतो, तुम्ही शेडमध्ये अंथरलेले तूस ओले ठेवले. हिशेबातून रक्कमही कापली. ओल्या तुसात कॉक्सी वाढतो, मान्य. पण मी रोज तूस हलवत होतो, आणि कॉक्सीचे औषध खाद्यातून येते, खाद्य कंपनीचे येते. कोंबडी न फाडता औषध लिहिणाऱ्याचे ऐकू नका, आणि रिपोर्टवर नमुना कधीचा, कशाचा हे लिहून घ्या.

एक राहिले. क्लॉस्ट्रिडियम निरोगी कोंबडीतही असतो, म्हणून आतड्यातल्या जखमा बघाव्याच लागतात. पीसीआर या जनुकीय चाचणीने त्याच्या नेटबी या विषाचे जनुकही शोधतात. ते विष 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले. कोंबड्यांच्या टायफॉइडचा संशय असेल तर आतड्यापेक्षा यकृत तपासतात. आणि एकाएकी शेडभर मर लागली तर माझ्यासारख्या कोंबड्या घेऊन फिरू नका, डॉक्टरांनाच शेडवर बोलवा.